उन्हाच्या गावाहून वाळूच्या देशी

नागपूरच्या माणसाने गाठीचे पैसे खर्चून वाळवंट पाहायला जावे, ही कल्पनाच मुळी लोकांना हसू आणते. "ऊनच पाहायचे तर गच्चीवर जा की!" असे आमच्या प्रतापनगरातल्या शेजारणीने मला ऐकवले, आणि तिचे काही चुकले असे मला वाटले नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये तर आमच्याकडच्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवून साऱ्या देशात आमचे नाव गाजवले. त्या आकड्याच्या मिजाशीत आम्ही थोडे वावरतो न वावरतो तोच यंत्र बिघडले होते असा खुलासा आला, आणि आम्ही पुन्हा आपल्या नेहमीच्या पंचेचाळिशीवर उतरलो. इथे घरोघरी खिडकीला जे वाळ्याचे धूड घरघरत असते, त्याचे नावसुद्धा 'डेझर्ट कूलर'! राजस्थानातल्या फलोदीने १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद करून आमच्यावर मात केली, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

पण ऊन सारखे असले म्हणून प्रदेश सारखे होत नाहीत. आमच्याकडे वर्षाकाठी पंचेचाळीस इंचांच्या आगेमागे पाऊस पडतो. जैसलमेरला सहा-आठ इंच पडला तरी लोक त्याला पाऊसकाळ म्हणतात. ह्या एका फरकात सारे राजस्थान आहे, असे आता फिरून आल्यावर मला वाटते. किल्ले, महाल, उंट आणि आरसे लावलेले घागरे हे सगळे पाहण्याजोगेच आहे. परंतु तिथली खरी कलाकुसर पाणी राखण्यात आहे. ती पाहायची दृष्टी मला माझ्या सासूबाईंनी दिली. त्यांचे माहेर भंडारा जिल्ह्यातले, मालगुजारी तलावाच्या पाळीवरचे. कुठेही गेलो तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "इथली माणसं पाणी कुठून आणत होती ग?" महालापेक्षा ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच आमचा अधिक वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला.

आधी थोडा भूगोल. क्षेत्रफळाने राजस्थान हे आज देशातले सर्वांत मोठे राज्य. तीन लाख बेचाळीस हजार चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही मोठे. अरवलीची रांग नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरपी गेलेली आहे. तिच्या पश्चिमेला थरचे वाळवंट. पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र जंगले, तळी, बारमाही वाहणारी चंबळ, आणि कोट्याच्या बाजूला चक्क आपल्यासारखी काळी माती! ज्यांच्या मनात राजस्थान म्हणजे नुसती वाळू, त्यांनी आपल्या पायाखाली पाहावे. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या स्वयंपाकघरात आणि व्हरांड्यात वर्षानुवर्षे जी हिरवट-निळसर फरशी पुसली जाते, ती ह्याच कोट्याच्या परिसरातली. आम्ही राजस्थानात जाण्याआधीच त्याच्यावर चालत होतो म्हणायचे!

आणखी एक गंमत सांगते. अबूचा पहाड हा काही वर्षे मुंबई राज्यात होता, हे आजच्या पिढीला ठाऊक नसेल. १९५० साली तो मुंबईला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत राजस्थानला मिळाला. आणि त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर आणि विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. म्हणजे एका दाराने अबू बाहेर पडला आणि दुसऱ्या दाराने आम्ही आत शिरलो. उंबरठ्यावर भेटसुद्धा झाली नाही. अबूचे गुरुशिखर १७२२ मीटर उंच, आपले कळसूबाई १६४६. तेव्हा १९५६ च्या त्या दिवशी मुंबई राज्याचे सर्वांत उंच शिखर कमी झाले, असेही म्हणता येईल. दिलवाड्याच्या जैन मंदिरांविषयी मी लिहिणार नाही. १०३१ सालचे विमलवसही आणि १२३० सालचे लूणवसही, दोन्ही पाहून सासूबाईंनी छताकडे बोट दाखवून "हे दगडाचं नाही, खवल्या खोबऱ्याचं आहे" असे म्हटले. त्याहून चांगले मला सुचत नाही.

नागपूरहून जयपूरला सरळ गाडी आहे. इटारसी, भोपाळ, उज्जैन, कोटा, सवाई माधोपूर अशी ती जाते. पुष्कळ मंडळी आठ दिवसांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर, अबू असा फेरा उरकतात आणि घरी आल्यावर कुठला महाल कुठल्या गावातला ह्यावरून भांडतात. आम्ही पंधरा दिवस काढले आणि उदयपूर मुद्दामच वगळले. सगळे पाहायचेच असा हट्ट धरला की काहीच पाहून होत नाही, हे माझे मत. आमच्या ह्यांचे मत निराळे आहे आणि उदयपूरच्या सरोवरांवरून अजूनही मला टोमणे मिळतात.

ह्या मार्गावर कोट्याच्या अलीकडे दरा नावाचे छोटे स्टेशन लागते. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. हीच मुकुंदऱ्याची खिंड. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या इंग्रजी फौजेला ह्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळले होते. डब्यातल्या निम्म्या लोकांनी त्या वेळी डोक्यावर पांघरूण घेतले होते. असो.

कोट्याहून बुंदी तासाभराच्या वाटेवर आहे. बुंदीचा राजवाडा आणि त्यातली चित्रे प्रसिद्धच आहेत. पण मी म्हणेन, तिथे विहिरी पाहायला जा. राणीजी की बावडी ही १६९९ सालची. वरून पाहिले तर जमिनीतच एक भोक; पायऱ्या उतरत जावे तसे खांब, कमानी, हत्तींच्या सोंडा, विष्णूचे अवतार असे सगळे एखाद्या देवळासारखे उलगडत जाते. सासूबाई पायऱ्या मोजत उतरल्या आणि वर येताना मोजायच्या विसरल्या. बाईमाणसाला पाण्यासाठी एवढे खाली उतरायला लागत असे, म्हणून कुणा राणीने तिथे सावली, बसायला जागा आणि पाहायला देव ठेवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

ह्या बुंदीशी आपले नाते राखीचे आहे. जयपूरच्या सवाई जयसिंहाने बुंदीच्या बुद्धसिंहाला गादीवरून काढून आपल्या हस्तकाला तिथे बसवले. बुद्धसिंहाची राणी ही जयसिंहाचीच बहीण. तिने भावाविरुद्ध मराठ्यांना बोलावले आणि मल्हारराव होळकरांना राखी बांधली. १७३४ च्या एप्रिलमध्ये मराठी फौजेने बुंदी घेतली. फौज परत फिरल्यावर जयसिंहाने ती पुन्हा बळकावली, हा भाग निराळा. राखीबरोबर पैशांचा करारही झालेला होता, हेही सांगितले पाहिजे. भावबहिणीच्या कथेत इतिहासकार हे वाक्य घालतात आणि वाटाडे वगळतात.

जयपूरला पोचल्यावर प्रथम एक घोटाळा निस्तरावा लागतो. आपल्याला माहीत असलेला जयसिंह म्हणजे मिर्झा राजा. १६६५ चा पुरंदरचा तह त्याचा. जयपूर वसवणारा सवाई जयसिंह हा त्याचा खापरपणतू. आग्र्याला शिवाजीमहाराजांच्या बाजूने धडपडणारा रामसिंह हा मिर्झा राजाचा मुलगा. त्या दिवसांत आंबेरच्या नोकरांनी आग्र्याहून घरी जी पत्रे लिहिली, त्यांत महाराजांच्या रूपाचे आणि दरबारातल्या त्या प्रसंगाचे वर्णन आहे. जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह ह्यांनी ती १९६३ साली प्रसिद्ध केली. आंबेर-जयपूरचे जुने दप्तर आता बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहे. बिकानेरला जाऊन भुजिया आणणाऱ्या मराठी मंडळींनी ह्या कागदांच्या घरालाही एक दुपार द्यावी. भुजिया काय, नागपुरातही मिळते.

सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसवले, ते चौकटीच्या पटासारखे आखून. सूत धरून आखलेले रस्ते, सारख्या उंचीची दुकाने. गुलाबी रंग मागाहूनचा. पण मला खरी ओढ होती ती तिथल्या वेधशाळेची, आणि तीही एका मराठी माणसासाठी. सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय ब्राह्मण जयसिंहाच्या पदरी होते. संस्कृतात पारंगत असलेल्या ह्या पंडिताने राजाच्या इच्छेखातर अरबी आणि फारसी भाषा शिकून घेतल्या. टॉलेमीचा ज्योतिषावरचा ग्रंथ आणि युक्लिडची भूमिती ही दोन्ही त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. भूमितीच्या ग्रंथाला त्यांनी नाव दिले 'रेखागणित'. म्हणजे ग्रीक ज्ञान, अरबी वाट, मराठी माणूस, संस्कृत भाषा आणि रजपूत राजा! आमच्या महाविद्यालयात मराठीची विद्यार्थिनी इंग्रजीच्या वर्गात डोकावली तरी लोक भुवया उंचावतात. जयसिंहाचे गुरू रत्नाकरभट्ट पुंडरीक हेही महाराष्ट्रीयच; जयपूरला पुंडरीकांची हवेली आहे. पैठण-काशीची वाट आपण ऐकून असतो. आंबेरचीही एक वाट होती, हे मला तिथे उमगले.

वेधशाळेतले मोठे सम्राट यंत्र म्हणजे सुमारे नव्वद फूट उंचीची एक तिरपी भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना संगमरवरी कमानी. भिंतीचा उतार सत्तावीस अंशांचा, कारण जयपूरचे अक्षांश तितके. हेच यंत्र नागपूरला बांधायचे तर उतार एकवीस अंशांचा धरावा लागेल. भिंतीची सावली कमानीवर मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. म्हणजे टक लावून पाहिले तर काळ चालताना दिसतो. धाकटी आपले बोट सावलीच्या कडेला धरून बसली आणि "आई, गेली ग पुढे!" म्हणून ओरडली. आपल्या घड्याळाशी ही वेळ जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. जयपूर त्याच्या पश्चिमेला म्हणून तिथली खरी वेळ सुमारे सत्तावीस मिनिटे मागे, आणि त्यात ऋतुमानाप्रमाणे काही मिनिटे अधिक-उणे करावी लागतात. नागपूरची खरी वेळही चौदाएक मिनिटे मागेच आहे. सकाळच्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलांना मात्र मी हे सांगणार नाही.

वेधशाळेहून त्रिपोलिया बाजाराकडे निघाले की एक उंच, चिंचोळा मनोरा दिसतो. त्याचे नाव ईसरलाट. जयसिंहाच्या मागे गादीवर आलेल्या ईश्वरीसिंहाने तो १७४९ साली विजयस्तंभ म्हणून उभारला. विजय फार दिवस टिकला नाही. धाकटा भाऊ माधोसिंह गादी मागत होता आणि मराठ्यांची खंडणी थकली होती. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर फौज घेऊन जयपूरजवळ आले, तेव्हा द्यायला पैसा नाही आणि लढायला बळ नाही अशा अवस्थेत ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. राजा गेला, माधोसिंह गादीवर आला, मराठ्यांची मागणी आणखी वाढली.

आणि मग १० जानेवारी १७५१ उजाडला. मराठी छावणीतली काही हजार माणसे जयपूर शहर पाहायला म्हणून वेशीच्या आत गेली. नवे कोरे शहर, त्याची कीर्ती ऐकलेली. कुणी देवळे पाहात होते, कुणी बाजारात घोडे आणि जिनसा विकत घेत होते. दुपारी कुठून तरी ठिणगी पडली. वेशी बंद झाल्या आणि शहरातल्या लोकांनी दिसेल त्या मराठी माणसाला कापून काढले. मध्यरात्रीपर्यंत ते चालले होते. मेलेल्यांची संख्या हजारांच्या घरात गेली.

आमचा वाटाड्या हे सांगत नव्हता, आणि त्याने सांगावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. बापू बाजारात मोजड्या घेताना मात्र माझ्या मनातून ते जाईना. जयपूर 'पाहायला' आलेली मराठी माणसांची पहिली मोठी टोळी ती हीच असावी. शाळेत आपण अटकेपार झेंडे शिकतो. त्या झेंड्याखाली कुणाच्या घरातले भांडेकुंडे खंडणीत गेले ते शिकत नाही. ईसरलाटेच्या सातव्या मजल्यावरून सगळे शहर सुरेख दिसते. त्या राजाच्या डोळ्यांना तिथून आमच्या छावणीचा धूर दिसत असेल, हे मराठी प्रवाशाने विसरू नये, आणि वेशीच्या आत सापडलेल्या घोडे विकत घेणाऱ्या त्या बिचाऱ्यांनाही विसरू नये. त्या दिवशी मोजडी घेताना मी घासाघीस केली नाही. ह्यांना त्याचे नवल वाटले, आणि दुकानदाराला त्याहून अधिक.

जयपूरहून नागौरला जाताना सांभरचे खारे सरोवर एका बाजूला राहते. आपल्या विदर्भाच्या लोणारचे पाणीही खारे. सांभर १९९० मध्ये आणि लोणार २०२० मध्ये रामसरच्या यादीत गेले. नागौरला पर्यटक फारसे थांबत नाहीत. तिथला किल्ला देखणा आहे, आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पंचायत राज्याचा आरंभ ह्याच गावी केला. आम्ही थांबलो ते गावाबाहेरच्या ताऊसरसाठी. मारवाडच्या गादीच्या भांडणात जयाप्पा शिंद्यांनी नागौरला वेढा घातला होता. जुलै १७५५ मध्ये छावणीत शिरलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना ठार केले. तिथे त्यांची छत्री आहे. भाऊ दत्ताजी पुढे १७६० मध्ये बुराडीच्या घाटावर पडले, मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. एका घरातली तीन माणसे पाच-सहा वर्षांत गेली, आणि तिघांच्या तीन जागा घरापासून शेकडो कोस दूर. सासूबाईंनी पर्समधून चिमूटभर हळदकुंकू काढून तिथे वाहिले. शास्त्राला धरून होते की नाही कोण जाणे!

शेखावटीविषयी थोडक्यात सांगते. नवलगड, मंडावा, फत्तेपूर, रामगड ह्या गावांतल्या शेठांच्या हवेल्या भिंतभर चित्रांनी रंगलेल्या आहेत. कृष्णाशेजारी आगगाडी, ढोलामारूशेजारी मोटार. गावे मात्र अर्धी ओस, दारांना कुलपे. कारण धनी गेले पोटामागे कलकत्त्याला, मुंबईला आणि आमच्या विदर्भातही. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे मूळचे सीकरजवळच्या काशी का बास गावचे. १८८९ चा जन्म, वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घरी दत्तक आले. मराठीत 'मारवाडी' हा शब्द आपण कसा वापरतो ते मी इथे लिहीत नाही. जिथे पाऊस सहा इंच पडतो तिथल्या माणसाला हिशेब येतो. नाही आला तर तो उरत नाही.

आता जैसलमेर. दुरून पाहावे तर वाळूचाच एक ढीग उंच होऊन त्याला बुरूज फुटावेत, तसा तो किल्ला उभा आहे. ११५६ साली रावळ जैसलने पायाचा दगड ठेवला. नव्याण्णव बुरूज आहेत. आत अजूनही माणसे राहतात. गल्लीत गाय आडवी असते, ओसरीवर म्हातारी लसूण सोलत बसलेली असते. २०१३ साली राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. २०२५ साली रायगड, शिवनेरी, जिंजी धरून मराठ्यांचे बारा किल्लेही त्याच यादीत गेले. आपले किल्ले ओस आणि हा भरलेला, हा फरक डोळ्यांत भरतो, आणि प्रथम आपला हेवाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी कळते की भरलेपणानेच हा किल्ला धोक्यात आला आहे. डोंगर वालुकाश्माचा असला तरी त्याच्या पोटात चिकणमातीचे आणि ठिसूळ दगडाचे थर आहेत. शेकडो वर्षे आतल्या घरांत घागरीने पाणी येई. माणशी दोन-चार घागरी. तेवढे सांडपाणी उघड्या गटारीतून वाळून जाई. पुढे किल्ल्यात नळ आले, संडास आले, नंतर खानावळी आणि राहायची हॉटेले आली. आलेला प्रत्येक प्रवासी न्हाणीघरात बादल्यांनी पाणी ओतू लागला. ते पाणी पायात मुरले, मातीचे थर फुगले, बुरूज खचले आणि काही कोसळले. १९९६ साली जगातल्या संकटात सापडलेल्या वास्तूंच्या यादीत ह्या किल्ल्याचे नाव आले. डागडुजी पुष्कळ झाली आहे, चालूही आहे. तोफेला न पडलेला किल्ला आंघोळीच्या पाण्याने पडावा! आम्ही किल्ल्याखालच्या गावात उतरलो. खिडकीतून किल्ला दिसतो, हा फायदा वेगळाच. किल्ल्यात राहणाऱ्याला किल्ला कुठे दिसतो?

किल्ल्याखाली गडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकातला. सगळ्या गावाचे पाणी एके काळी हेच. सासूबाई पाळीवरून हिंडल्या, उताराकडे पाहिले, पाणी कुठून येते आणि कुठून निघते ते विचारून घेतले, आणि माहेरच्या तलावासारखीच 'पाळ' आहे म्हणून समाधान पावल्या. पण त्यांना खरे थक्क केले ते खडिनाने. पालीवाल ब्राह्मणांची ही जुनी युक्ती. खडकाळ उताराच्या तळाशी लांबच लांब मातीचा बांध घालायचा. पाऊस एकदा-दोनदाच पडतो, पण दहा शेतांवर पडलेले पाणी वाहत येऊन एका शेतात उभे राहते. ते जमिनीत जिरते, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकतो. विहीर नाही, मोट नाही! कुलधरा नावाचे ह्याच पालीवालांचे ओसाड गाव प्रवाशांना 'भुताचे गाव' म्हणून दाखवतात. भुताच्या गोष्टीला गर्दी, आणि जवळच्या खडिनाकडे कुत्रेही फिरकत नाही. मला हे फार लागले. तीच गत आमच्याकडे भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांची. कोहळी लोकांनी बांधलेले ते तलाव गाळाने भरत चालले, आणि त्यांच्याविषयी वाचायला मिळते ते परीक्षेच्या पुस्तकात.

जिथे पाणी नाही तिथे पूर येत नाही, असे मात्र समजू नका. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातल्या कवास गावावर असे पाणी लोटले की शंभराहून अधिक माणसे दगावली. खाली जिप्समचा थर असल्यामुळे ते पाणी जमिनीत मुरेचना. वाळवंटात कित्येक महिने तळी साचून राहिली. हे ऐकताना आमच्या घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात असाच पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत लोकांच्या दिवाणखान्यातून पाणी वाहिले. प्रतापनगर तिथून किती लांब! त्या सकाळी आमच्या ओळखीची किती तरी माणसे पलंगावर उभी होती. पंचेचाळीस इंचांच्या गावाला पाणी कुठून जाते ते ठाऊक नाही, आणि सहा इंचांच्या गावात पोरसुद्धा उतार दाखवते.

वाळूच्या टेकड्यांसाठी लोक समला जातात. आम्हीही गेलो. सूर्यास्त सुंदर होता. पण ध्वनिक्षेपक, जीपगाड्या आणि फोटोवाले ह्यांच्या गर्दीत तो शोधून पाहावा लागला. शांतता हवी असेल तर खुरीकडे जावे. रात्री थंडी कडाक्याची पडते, म्हणून नागपूरकरांनी 'आपल्याला काय थंडी' ह्या ऐटीत राहू नये, कानटोपी घ्यावी. उंटावर बसताना मागे झुकावे, उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो. हे आधी कुणी सांगत नाही.

समच्या वाटेवरचा प्रदेश माळढोकाचा आहे. तिकडे त्याला 'गोडावण' म्हणतात, आणि १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. हा पक्षी आपलाही. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीच्या माळांवर तो दिसत असे. आता आपल्याकडे तो जवळजवळ संपला. राजस्थानात मोकळेपणी राहणारे दीडशेच्या आतच उरले आहेत. अंगाने जड, समोरचे नीट दिसत नाही, मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. आणि माळावर आता विजेच्या तारा. फलोदीजवळ भडल्याला सूर्याच्या उष्णतेचा नव्हे, प्रकाशाचा केवढा तरी कारखाना उभा आहे. २२४५ मेगावॉट वीज तिथे होते. ती वीज आपल्याला हवी आहे, आणि ती नेणाऱ्या तारांना धडकून गोडावण मरतो. तारा जमिनीखाली घालाव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, २०२४ मध्ये तो सौम्य केला. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिले वाढवतात. आम्हाला पक्षी दिसला नाही, पाटी दिसली.

जोधपूरजवळचे खेजडली हे छोटे गाव मात्र चुकवू नये. १७३० साली राजाची माणसे तिथली झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यामागे एकूण ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी जीव दिला. ते झाड कोणते, तर खेजडी. म्हणजे आपली शमी! गणपतीला पत्री वाहताना आपण जिची चार पाने शोधत फिरतो, तीच. तिकडे तिच्या शेंगांची भाजी करतात. तिला सांगरी म्हणतात, आणि केर नावाच्या रानफळांबरोबर ती मोहरीच्या तेलात परतलेली फार चवदार लागते. वाळवून ठेवलेली शेरभर आम्ही घेऊन आलो. रात्रभर भिजत घालावी, नाही तर चामड्यासारखी लागते. दालबाटीचे मात्र सासूबाईंना कौतुक वाटले नाही. "आमचे रोडगेच हे," म्हणाल्या, "वांग्याची भाजी नाही एवढंच."

जायचे असेल तर दिवाळीनंतर निघावे आणि होळीच्या आत परत यावे. कार्तिकी पौर्णिमेला पुष्करचा मेळा असतो. तो पाहायचा असेल तर राहण्याची सोय फार आधी करावी लागते. कुरजा पक्षी पाहायचे असतील तर फलोदीजवळच्या खीचन गावी थंडीत सकाळी लवकर पोचावे. गावकरी त्यांना दाणे टाकतात आणि हजारोंनी पक्षी उतरतात. २०२५ साली ते गावही रामसरच्या यादीत गेले. रिक्षावाल्याला आपला पत्ता सांगताना प्रतापनगरच्या लोकांनी शहराचे नाव आधी सांगावे. जयपूरला प्रतापनगर आहे, जोधपूरला आहे, उदयपूरलाही आहे; आमच्या ह्यांनी "प्रतापनगर से आये हैं" म्हटल्यावर रिक्षावाल्याने रिक्षा वळवली होती.